सोवळ्यातलं फंक्शन

आपल्याकडे माणसावर लिहायचं ते बहुतेक तो गेल्यावर, आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नसतं. बोरुडे सर ठणठणीत आहेत. रोज सकाळी नगरला सावेडीत फिरायला जातात, असं ऐकते. त्यामुळे माझी काही अडचण नाही.

मी त्यांच्या हाताखाली काम केलं ते सावेडीतल्याच एका छोट्या कंपनीत. खाली दुचाकींचं शोरूम, वर आम्ही. डाळिंबाच्या बागांमध्ये आमचे खांब उभे असायचे. खांबावर पाऊस मोजायचं भांडं, हवेतला दमटपणा मोजायची डबी आणि पानावर ओल किती वेळ टिकली ते सांगणारी एक पट्टी. प्रत्येक खांब दिवसरात्र नोंदी पाठवत राहायचा. नुसते आमच्याच जिल्ह्यातले नाहीत, पार नाशिक-सोलापूरपर्यंतचे खांब. लाखांनी नोंदी यायच्या. त्यांचा हिशेब होऊन सकाळी बागायतदाराच्या मोबाईलवर मेसेज जायचा: ‘तेल्याची जोखीम जास्त, आज फवारणी करा.’ किंवा, ‘जोखीम कमी, गरज नाही.’

तेल्या हा रोग म्हणजे डाळिंबाचा वैरी. ओल लांबली की पसरतो, आणि फळावर डाग बसला की ते फळ बाजारातून उठलंच. बागायतदार दिवस उगवायला औषध कालवतो. म्हणजे आमचा मेसेज औषध कालवायच्या आत जायला हवा. सगळ्या कंपनीचं काम एवढंच होतं, आणि आमचा मेसेज जायचा नऊला, साडेनऊला. जसे खांब वाढत गेले तसा आणखी उशिरा.

बोरुडे सर या हिशेबाचे मुख्य. मालक सौरभदादा वयानं लहान, सरांना बिचकून असायचा. मी नवी, सोनईची. वडील गवंडी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि याचा मला अभिमान होता, आजही आहे. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, “वडील काय करतात?”

मी सांगितलं.

“बरं काम आहे. ओळंबा सोडला की भिंत सरळ. इथं मात्र डोकं लागतं.”

मी म्हटलं, “सर, ओळंबा कुठं सोडायचा त्यालाही लागतं.”

“विचारलं का तुला?” सर म्हणाले.

हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी काही सुचवलं, की हेच. कुणाचं नाव ते कधी घ्यायचे नाहीत. गावानं हाक मारायचे. मी ‘सोनई’. शेजारी बसणारा अमोल ‘पाथर्डी’. “ए पाथर्डी, चहा सांग. सोनईला विचार, तिला साखर चालते का, का गुळाचाच लागतो.” माणूस आपल्या गावाच्या नावानं लहान कसा होतो, ते मला तिथं कळलं. गावाबद्दल मला प्रेम होतं म्हणून ते जास्त लागायचं.

दुपारी डबे उघडले, की सर उठून यायचे. प्रत्येकाच्या डब्यातला पहिला घास त्यांचा. “चव बघतो,” म्हणायचे, आणि चव बघून एक खोट काढायचे. माझ्या आईनं हुलग्याचे शेंगोळे दिले होते. त्यांनी दोन उचलले, चावले, डोळे मिटले आणि म्हणाले, “जमलेत. पण लसूण भाजून घातला नाही.” आईनं भाजूनच घातला होता. पण सरांनी खोट काढली नाही असा डबा त्या ऑफिसात कुणी आणलाच नाही. अमोल एकदा हॉटेलातली मिसळ डब्यात भरून घेऊन आला, तेव्हाही सर म्हणाले, “वहिनींचा हात जरा जड आहे तिखटाला.” अमोलचं लग्न झालेलं नव्हतं.

हे हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसायचोही. फंक्शनचं मात्र हसण्यासारखं नव्हतं.

ते समजावून सांगते. हिशेबाचं सॉफ्टवेअर तयार मिळतं. बेरीज, सरासरी, नको ते गाळणं, दोन याद्या जुळवणं, यासाठी त्याची स्वतःची फंक्शनं असतात आणि ती फार झपाझप चालतात. त्यात नसलेलं काही हवं असेल, तर आपण आपलं फंक्शन लिहून त्यात बसवायचं. सरांनी असं एक घरचं फंक्शन लिहिलं होतं. तेल्याची जोखीम काढायचा सगळा हिशेब त्या एकाच फंक्शनात कोंबलेला. अडचण अशी, की घरच्या फंक्शनच्या आत काय आहे ते सॉफ्टवेअरला दिसत नाही. झाकण लावलेला डबा. दिसलं असतं तर त्यानं नको ती कामं टाळली असती. दिसत नाही म्हणून ते मुकाट्यानं एकेक नोंद आत टाकतं आणि एकेक उत्तर बाहेर काढतं.

त्यात सरांच्या फंक्शनची रीत अशी, की प्रत्येक नोंदीला ते बागांची यादी नव्यानं उघडायचं, त्यातून ती बाग शोधायचं, यादी बंद करायचं. पुढच्या नोंदीला पुन्हा उघडायचं. लग्नातली पंगत डोळ्यासमोर आणा. वाढपी आमटीची बादली घेऊन ओळीनं वाढत जातो. सरांचा वाढपी एका पानासाठी एक वाटी आमटी घेऊन भटारखान्यातून यायचा, ती वाढायचा, परत जायचा, भटारखान्याचं दार लावायचा, मग उघडायचा, आणि दुसऱ्या पानाची वाटी भरायचा. आणि ज्यांचं जेवण होऊन हात धुऊन झाले त्यांच्याही पानात वाढायचा. म्हणजे ज्या खांबांच्या बागा तोडून झाल्या होत्या, त्यांच्याही नोंदी त्या फंक्शनातून जायच्या.

उशीर झाला, की सर सौरभदादाला सांगायचे, “मालक, मशिनं वाढवा.” मग आणखी मशिनं भाड्यानं घेतली जायची. म्हणजे वाढपी वाढायचे. भटारखान्याचं दार एकच असल्यामुळे ते तिथं गर्दी करून उभे राहायचे.

फंक्शनच्या डोक्यावर सरांनी इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, की परवानगीशिवाय कुणी बदल करू नये. खाली पूर्ण नाव आणि पदवी. आम्ही आपसांत त्याला सोवळ्यातलं फंक्शन म्हणायचो. नुसतं वाचायला उघडलं तरी सर मागून यायचे.

“काय बघतेस?”

“सर, समजून घेत होते.”

“समजून काय घ्यायचंय? चालतंय ना?”

“चालतंय, पण हळू चालतंय.”

“पहिल्या पिढीचा हा प्रॉब्लेम असतो बघ,” सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “चार बुकं शिकली, की लगेच दुरुस्त्या सुचतात.”

माणूस नालायक असता, तर त्याच्यावर एवढं लिहायची मला गरज नव्हती. कंपनी सुरू झाली तेव्हा बोरुडे सर स्वतः दोन हंगाम बागांमधून फिरले होते. कुठल्या दिवशी ओल किती टिकली आणि त्यानंतर डाग आला की नाही आला, हे त्यांनी झाडाखाली बसून बघितलं होतं. त्यांचा हिशेब बरोबर होता. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडूनच शिकले. दुसऱ्या एका कामात मी घाई केली, तेव्हा म्हणाले, “जुनं उत्तर ठेव बाजूला. नवं उत्तर त्याच्याशी ओळ न् ओळ जुळव. आधी जुळव, मग पळव.” आजही मी तसंच करते, आणि करताना दरवेळी मला त्यांचा राग येतो.

मेहुणीच्या लग्नाला सर आठवडाभर सुटीवर गेले. जाताना मला म्हणाले, “एवढी खुमखुमी आहे ना? कर तुझं वेगळं. माझ्या फाईलला हात लावायचा नाही.” मी केलं. आधी तोडलेल्या बागांच्या आणि बिघडलेल्या खांबांच्या नोंदी सुरुवातीलाच गाळल्या. बागांची यादी एकदाच उघडून सगळ्या मशिनांना एकेक प्रत देऊन टाकली. जेवढा हिशेब सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फंक्शनांनी होत होता तेवढा त्यांच्यावर सोपवला. सलग ओल मोजायचा एक अवघड तुकडा उरला, तेवढाच घरच्या फंक्शनात ठेवला, आणि त्यालाही नोंदी एकेक न देता घमेल्या-घमेल्यानं दिल्या. मग मागच्या पावसाळ्याच्या नोंदींवर दोन्ही चालवलं. चालू बागांचं ओळ न् ओळ जुळलं. सरांचं उत्तर आणि माझं उत्तर एक. फरक एवढाच, की त्यांचं नऊला संपायचं ते माझं पहाटे तीनपर्यंतच्या नोंदी आल्यावर सुरू केलं तरी चारच्या आत संपत होतं.

अमोल म्हणाला, “ए, हे मोजलंस ना नीट? का काही सांडलंय वाटेत?”

“तूच जुळव.”

त्यानंही जुळवलं. काही सांडलं नव्हतं.

सर आले. मी दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं, एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना एका नजरेत कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. उठले, टेबल ओल्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, “बघू. सीझन संपल्यावर.”

“सर, मेसेज तर सीझनमध्येच लागतो.”

“विचारलं का तुला?”

त्याच पावसाळ्यात कोल्हारला बागायतदारांची बैठक झाली. त्यांच्यात रावसाहेब तात्या नावाचे एक जुने बागायतदार होते. सगळे त्यांचं ऐकायचे. ते उभे राहिले आणि सौरभदादाकडे बघून म्हणाले, “दादा, तुमचा मेसेज लई शाना हाय. त्यो येतो तवर आमी औषध मारून, आंगुळ करून, न्ह्यारी करून बसलेलो असतो. मंग वाचतो, की आज मारू नका.”

सगळे हसले. दुसरा कुणीतरी म्हणाला, “तात्या, त्यो उद्यासाठी असंल.”

“उद्याचा आज आला, तर मंग लईच भारी.”

सौरभदादाचा चेहरा पडला. तात्यांनी सरळ सांगितलं, की उजाडायच्या आत मेसेज येत नसेल तर पुढच्या महिन्यात खांब काढून न्या. तात्या गेले असते तर नदीकाठचे सगळेच गेले असते.

मला वाटलं, आता सर माझं काम बाहेर काढतील. सर उठले, शर्टाची बाही सरळ केली आणि म्हणाले, “परवापासून पाचच्या आत मेसेज. माझा शब्द.”

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी पाचच्या आत मेसेज गेला. चौथ्या दिवशी गेला. सौरभदादानं पेढे आणले. सरांनी पेढ्याचीही चव बघितली आणि खवा जुना असल्याचं सांगितलं.

मी मात्र पेढा हातातच धरून होते, कारण माझं काम अजून जागच्या जागी पडलेलं होतं आणि त्यांच्या फंक्शनात एक अक्षर बदललेलं नव्हतं. मग ते लवकर संपलं कसं? शोधायला फार वेळ लागला नाही. सरांनी फंक्शन बदललं नव्हतं. फंक्शनात जाणाऱ्या नोंदी संध्याकाळीच तोडल्या होत्या. दिवेलागणीला हिशेब सुरू करायचा, म्हणजे पहाटेपर्यंत संपतो. रात्रीच्या नोंदी घ्यायच्याच नाहीत. अहो, पण पानावरची ओल रात्रीच तर टिकते! दिवसा ऊन असतं, वारा असतो. तेल्याचा सगळा खेळ रात्रीचा. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. झाडाखाली बसून त्यांनीच ते बघितलं होतं.

मी त्यांच्या टेबलाशी गेले. “सर, रात्र वगळली तुम्ही.”

“हळू बोल.”

“रात्री झिमझिम झाली तर?”

“तर काय? जगबुडी होते का एका रात्रीनं? सीझन संपू दे. मग करू तुझं.”

“माझं तयार आहे, सर. आज लावू. नाव तुमचंच राहू द्या.”

हे मी म्हणाले. एवढं झाल्यावरही म्हणाले. सर म्हणाले, “सोनई, माझ्या नावाला तुझी गरज पडावी, इतकी वाईट वेळ अजून आलेली नाही.”

मी तशीच सौरभदादाकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, दाराकडे बघितलं, आवाज खाली केला. “ताई, सरांनी ही सिस्टीम उभी केलीय. त्यांना कळत असेल ना. आत्ताच तर गाडी रुळावर आलीय.”

आठवडा गेला नसेल. दिवसभर लख्ख ऊन पडलं आणि रात्री कोल्हारच्या पट्ट्यात बारीक पाऊस लागला. उजाडेपर्यंत रिपरिपत होता. पाचच्या आत, शब्द दिल्याप्रमाणे, मेसेज गेला: ‘जोखीम कमी, फवारणीची गरज नाही.’ माणसं पावसाकडे बघून चपापली, पण मेसेजवर आता विश्वास बसला होता. बऱ्याच जणांनी औषध कालवलं नाही. पुढच्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. ओरडले नाहीत. “या बघायला,” एवढंच म्हणाले.

गाडीत सौरभदादा पुढं, मागं सर आणि मी. नगरपासून कोल्हारपर्यंत सर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, कबुली मनात जुळवत असतील. बागेत दहा-बारा माणसं जमली होती. तात्यांनी एक फळ तोडून सौरभदादाच्या हातात दिलं. हिरव्या सालीवर काळे, तेलकट डाग, मधोमध चीर गेलेली. मग दुसरं दिलं. तिसरं द्यायला लागले तेव्हा सौरभदादा म्हणाला, “बस, तात्या.”

“बस कसं? झाडाला अजून हायेत.”

“चूक कुणाची झाली?” मागून एकानं विचारलं.

सर पुढं झाले. घसा साफ केला. “प्रियंका लक्ष्मण गायकवाड,” ते म्हणाले, आणि हात माझ्याकडे केला. “आमच्याकडे नवीन आहेत. उत्साहाच्या भरात यांनी फंक्शनमध्ये परस्पर बदल केला. मी सुटीवर होतो. जबाबदारी म्हणून मी माफी मागतो.”

इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून मी माझं नाव पहिल्यांदाच ऐकलं. बापाच्या नावासकट. माझा बाप या पट्ट्यात निम्म्या घरांच्या भिंती उभारून गेलेला माणूस. त्या बागेतल्या विहिरीवरची खोलीसुद्धा त्यानंच बांधलेली असली, तर मला नवल वाटलं नसतं.

तात्या माझ्याकडे वळले. “लक्ष्मण गवंड्याची का गं तू, सोनईच्या?”

“हो.”

“तुझ्या हातून झालं व्हय हे?”

सौरभदादा जमिनीकडे बघत होता. त्याला सगळं माहीत होतं आणि तो जमिनीकडे बघत होता.

“नाही, तात्या,” मी म्हणाले. “मेसेज लवकर पाठवता यावा म्हणून सरांनी रात्रीच्या नोंदी हिशेबात घेणंच बंद केलं. त्या रात्रीचा पाऊस तुमच्या खांबानं मोजलाय. खांबानं कळवलाय. आम्ही तो वाचलाच नाही. नोंदी अजून तशाच आहेत, आत्ता दाखवते.” मी मोबाईलवर त्या खांबाची ती रात्र काढली आणि तात्यांच्या पुढं धरली. त्यांना चष्मा नव्हता. त्यांच्या सुनेनं वाचून दाखवलं. कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत पान ओलं होतं, सगळं.

वाचून झाल्यावर सुनेनं मोबाईल माझ्या हातात परत दिला. मग सर माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “घरातलं बाहेर सांगायचं नसतं.”

“माझं नाव बाहेर सांगितलंत तेव्हा ते घरातलं नव्हतं का?”

याला त्यांनी ‘विचारलं का तुला’ म्हटलं नाही. तात्यांनीच विचारलं, “पन मंग आता काय करायचं, पोरी? लवकर पायजेल, तर रात्र सुटती. रात्र धरली, तर उशीर हुतो.”

“दोन्ही होतं. तयार आहे माझ्याकडे. उद्या सकाळी बघा.”

“उद्या बघतो. न्हाई आला, तर खांब उपटून गाडीत घालून देतो.” मग सुनेला म्हणाले, “च्या ठेव.”

दुसऱ्या दिवशी मेसेज गेला, रात्र धरून, औषध कालवायच्या आत. खांब उपटले नाहीत. सौरभदादानं नंतर माझी माफी मागितली. ती मी घेतली, पण तेव्हापासून मी त्याला हाक मारताना दादा म्हणत नाही. सरांनी बागेतल्या त्या दिवसानंतर ऑफिसात पाय ठेवला नाही. तब्येतीचं कारण कळवलं. लोक मला म्हणतात, म्हाताऱ्या माणसाची चूक पोटात घालायची होती. ते म्हातारे नव्हते, आणि चार माणसांत माझ्या बापाचं नाव घेऊन त्यांनी मला पुढं ढकललं तेव्हा त्यांच्या पोटात काही हललं नव्हतं. मला त्यांची दया आली असं लिहिलं, तर वाचायला बरं वाटेल. पण तशी ती आली नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या दिवशी, चहा झाल्यावर. सगळे विहिरीपाशी कप घेऊन उभे होते. सर आले नव्हते. ते बागेच्या मध्यावर खांबापाशी होते. चपला काढून, त्या ओल्या मातीत अनवाणी, टाचा उंचावून ते ओल मोजायच्या पट्टीपर्यंत हात पोचवत होते. रुमालानं पट्टी पुसायची, डोळे बारीक करून बघायची, पुन्हा पुसायची. नखानं खरवडायची. मग वायरचा जोड हलवून बघायचा. सौरभदादानं गाडीतून हॉर्न दिला. त्यांनी हात वर केला, थांबा अशा खुणेचा, आणि पुन्हा पट्टीकडे वळले.

तात्यांनी तोंडापुढं हात धरून हाळी दिली, “ओ सर! त्यो बरोबर हाय! त्याला नका खरवडू!”

सरांनी मागं वळून बघितलं नाही.